फेडरल ड्रग केस: ‘जज चांगला आहे का?’ हे विचारण्याआधी घरच्यांनी काय करायचं

माझं माहेर मिरजेचं. गेली सोळा वर्षं मी न्यू जर्सीत बचाव पक्षाच्या एका वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलाची कायद्याच्या कामातली मदतनीस, म्हणून काम करते. नेवार्क आणि ट्रेंटनच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टातल्या केसेसची कागदपत्रं माझ्या हातून जातात. मी वकील नाही, त्यामुळे हे लिहिलेलं वाचून कुणी वकील करायचं टाळू नये. पण वर्षातून दोनतीनदा तरी एडिसनकडच्या किंवा जर्सी सिटीकडच्या एखाद्या मराठी घरातून रात्री फोन येतो. मुलगा नाहीतर भाचा ‘डीईए’ने, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने, उचलला आहे. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘जज चांगला आहे का हो?’

प्रश्न समजण्यासारखा आहे. आपल्या मनात न्याय म्हणजे खुर्चीवरचा माणूस. तो सगळं ऐकून घेईल, मुलाचं वय बघेल, आईबापांकडे बघेल आणि मग ठरवेल. अमेरिकेच्या फेडरल ड्रग केसमध्ये मात्र बऱ्याचदा मुलगा न्यायाधीशांपुढे उभा राहायच्या आधीच शिक्षेचा तळ ठरलेला असतो. त्या तळाच्या खाली जायला न्यायाधीशांनाही कायद्याने बंदी आहे. तळ ठरवतं आरोपपत्र, आणि आरोपपत्र लिहितो सरकारी वकील. म्हणून मी फोनवर एवढंच सांगते, की इन्डाइटमेंटची प्रत मागवा, समोर धरा आणि त्यातला आकडा वाचून दाखवा.

आकडा कसा वाचायचा

इन्डाइटमेंट म्हणजे आरोपपत्र. सुरुवातीला नुसती ‘कम्प्लेंट’ असेल तर ती घ्या. त्यात ‘टायटल २१, कलम ८४१’ असं असेल. कटाचा आरोप असेल तर कलम ८४६. शिक्षा दोन्हीला सारखीच. त्यापुढचा कंस महत्त्वाचा. (बी)(१)(ए) असेल तर किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. (बी)(१)(बी) असेल तर किमान पाच, कमाल चाळीस. (बी)(१)(सी) असेल तर शून्य ते वीस, सक्तीची किमान शिक्षा नाही. फक्त त्या मालाने कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं असा आरोप असेल, तर तिथेही किमान वीस लागतात.

कोणता कंस लागायचा हे मालाच्या वजनावर ठरतं. दहा वर्षांसाठी हेरॉइन १ किलो, कोकेन ५ किलो, क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) २८० ग्रॅम, फेंटानिल मिसळलेला माल ४०० ग्रॅम, मेथ (मेथॅम्फेटामाइन) शुद्ध असेल तर ५० ग्रॅम आणि मिश्रण असेल तर ५०० ग्रॅम. पाच वर्षांसाठी हेरॉइन १०० ग्रॅम, कोकेन ५०० ग्रॅम, क्रॅक २८ ग्रॅम, फेंटानिल ४० ग्रॅम, मेथ शुद्ध ५ किंवा मिश्रण ५० ग्रॅम.

यातले बहुतेक आकडे १९८६ च्या कायद्यातून आले. त्या वर्षी जूनमध्ये लेन बायस हा बास्केटबॉलपटू, बोस्टन सेल्टिक्सने निवडल्यावर दोनच दिवसांत कोकेनने गेला. देश हादरला, निवडणूक तोंडावर होती, आणि ऑक्टोबरअखेर कायदा झालासुद्धा. तेव्हा पाच ग्रॅम क्रॅकला पाच वर्षं आणि पावडर कोकेनला मात्र पाचशे ग्रॅमला पाच वर्षं, असं शंभरास एकचं प्रमाण होतं. २०१० मध्ये ते अठरास एकवर आणलं. एकच पदार्थ, एकाला सोडा घालून शिजवलेला. आणि क्रॅकखाली शिक्षा झालेल्यांत काळ्या माणसांचंच प्रमाण प्रचंड. त्या चोवीस वर्षांत किती घरं बसली, ते आठवलं की मला अजूनही राग येतो.

‘वजन’ म्हणजे काय, हेही समजून घ्या. त्यात निव्वळ अमली पदार्थ धरत नाहीत. ज्यात त्याचा अंश सापडतो त्या सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. १९९१ च्या ‘चॅपमन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एलएसडी ज्या कागदावर शोषलेलं असतं त्या कागदाचं वजनही मोजायचं, असं ठरवलं. पुण्याचे नातेवाईक फोनवर म्हणतात, ‘तिकडे असं कसं?’ भारताच्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातही २०२० च्या ‘हिरा सिंग’ निकालापासून मिश्रणाचं पूर्ण वजनच धरतात, आणि ‘व्यावसायिक प्रमाण’ ओलांडलं की तिथेही किमान दहा वर्षं आहेतच. तेव्हा हा नियम काही फक्त इथलाच नाही.

पण पिशवी मोजत नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण माझ्यासमोर एकदा असंच झालं. कम्प्लेंटमध्ये लिहिलं होतं ‘अंदाजे ५३० ग्रॅम कोकेन’, म्हणजे पाच वर्षांचा तळ. आमच्या वकिलांनी लॅबचा अहवाल मागवला. मी तो टेबलावर पसरून ओळीओळीने वाचत होते. एका रकान्यात ‘ग्रॉस’, दुसऱ्यात ‘नेट’. टेप, तीन थर प्लास्टिक आणि वासासाठी चोपडलेलं ग्रीस काढल्यावर निव्वळ वजन ४८४ ग्रॅम. सोळा ग्रॅम कमी पडले आणि पाच वर्षांचा तळ गेला. त्यामुळे लॅब अहवाल आला का, त्यात निव्वळ वजन किती, हे वकिलाला विचारायला संकोच करू नका. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

२०१३ च्या ‘अलेन’ निकालापासून, किमान शिक्षा वाढवणारी बाब ज्युरीपुढे निःसंशय सिद्ध करावी लागते किंवा आरोपीने स्वतः मान्य करावी लागते. वजन ही तशीच बाब. म्हणून प्लीच्या बोलणीत, म्हणजे गुन्हा कबूल करायच्या वाटाघाटीत, मुलगा किती वजन मान्य करतो यावर सगळं फिरतं. सरकारी वकील (सी) वर यायला तयार झाला तर तळच निघून जातो. तो होईल का, हे त्याच्या ऑफिसच्या धोरणावर असतं, आणि हे धोरण वॉशिंग्टनमधला अॅटर्नी जनरल बदलला की बदलतं. २०१३ मध्ये एक, २०१७ मध्ये उलटं, २०२२ मध्ये पुन्हा वेगळं, २०२५ मध्ये परत कडक. तीच गाडी, तोच माल, पण अटक कोणत्या साली झाली त्यावर मुलाची पाच वर्षं ठरावीत, हे मला कधीच पटलेलं नाही.

दोन गोष्टी लगेच तपासून घ्या. पहिली, बंदूक. गाडीत किंवा खोलीत पिस्तूल सापडलं आणि कलम ९२४(सी) लागलं, तर किमान पाच वर्षं वेगळी आणि ती मूळ शिक्षा संपल्यावर सुरू होतात. दुसरी, जुनी शिक्षा. सरकारी वकिलाने जुन्या शिक्षेबद्दल कलम ८५१ ची नोटीस दाखल केली तर एका जुन्या गंभीर गुन्ह्यामुळे दहाची पंधरा होतात आणि दोनमुळे पंचवीस. २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याआधी हे आकडे वीस आणि जन्मठेप असे होते.

पहिल्या आठवड्यात

वकील परवडत नसेल तर कोर्ट देतं. फेडरल डिफेंडरचे वकील फुकट मिळतात म्हणून कच्चे, असं धरून घर गहाण टाकू नका. हे लोक रोज हेच काम करतात, आणि मी त्यांच्यातले अतिशय तयारीचे वकील पाहिले आहेत. खासगी वकील करायचाच असेल तर एकच विचारा: ‘फेडरल कोर्टात शिक्षेच्या सुनावणीपर्यंत किती ड्रग केसेस नेल्यात?’ घटस्फोट आणि ट्रॅफिकची तिकिटं बघणारा ओळखीचा वकील इथे कामाचा नाही.

जेलमधल्या फोनवर केसबद्दल एक अक्षर बोलू नका. फोन रेकॉर्ड होतात. ‘मराठीत बोललो, त्यांना काय कळतंय’ असं म्हणणारे बाप मी पाहिलेत. मराठी येणारे दुभाषे सरकारकडेही असतात. जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच बोला.

जामिनाबद्दल मनाची तयारी ठेवा. दहा वर्षं किंवा जास्त कमाल शिक्षेच्या ड्रग आरोपात ‘आत ठेवावं’ असंच कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढायचं काम आपलं. घराचे कागद, पासपोर्ट, कामाचं पत्र आणि हमीदार म्हणून उभं राहायला तयार असलेले नातेवाईक सुनावणीच्या आधीच जमवून ठेवा.

आणि मुलगा नागरिक नसेल, ग्रीन कार्डवर किंवा एच-वनवर असेल, तर प्लीच्या कागदावर सही होण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. अमली पदार्थांच्या व्यापाराची शिक्षा म्हणजे बहुतेक वेळा हद्दपारी. २०१० च्या ‘पडिला’ निकालाप्रमाणे ही जोखीम आरोपीला सांगणं बचावाच्या वकिलावर बंधनकारक आहे. विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

तळाखाली जायच्या दोन वाटा

किमान शिक्षा लागली तरी न्यायाधीशांना तिच्या खाली येता येतं, पण दोनच दारांतून.

एक दार सरकारी वकिलाच्या हातात आहे. आरोपीने इतरांविरुद्ध भरीव मदत केली आणि सरकारने तसा अर्ज केला, तरच ते उघडतं. सरकारने अर्ज केला नाही, तर न्यायाधीशांना कितीही वाटलं तरी इलाज नाही. यात धोका असतो, साक्ष द्यावी लागू शकते, गावाकडच्या माणसांपर्यंत झळ पोचू शकते. हा निर्णय मुलाने वकिलाशी एकांतात बोलून घ्यायचा. आईबापांनी ‘सांगून टाक सगळ्यांची नावं’ किंवा ‘कुणाचं नाव घेऊ नकोस’ यातलं काहीही त्याच्यावर लादू नये.

दुसरं दार ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’. कायदा १९९४ चा, २०१८ मध्ये रुंद झाला. याला सरकारी अर्ज लागत नाही. पाच अटी पुऱ्या झाल्या की न्यायाधीशांना किमान शिक्षा बाजूला ठेवावीच लागते. हिंसा किंवा बंदूक नको. कुणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा नको. म्होरक्या नको. जुना गुन्हेगारी इतिहास मर्यादेत हवा. आणि शिक्षेच्या सुनावणीपूर्वी या गुन्ह्याबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं सरकारला खरं खरं सांगितलेलं हवं.

इतिहासाचे गुण असतात: जुनी शिक्षा जितकी मोठी, तितके जास्त गुण. एक गुणाचे किरकोळ गुन्हे सोडून चारपेक्षा जास्त गुण नकोत, तीन गुणांचा एकही जुना गुन्हा नको, आणि दोन गुणांचा हिंसक गुन्हा नको. हे तिन्ही असले तरच दार बंद, की एक असलं तरी बंद, यावर वर्षानुवर्षं वाद होता. मार्च २०२४ मध्ये ‘पल्सिफर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की एक असलं तरी बंद. ‘आणि’ या एका शब्दाचा अर्थ लावण्यावर हजारो माणसांची वर्षं अवलंबून होती. म्हणून जुन्या केसेसचे कोर्टाकडून शिक्का मारून घेतलेले निकाल घरच्यांनी स्वतः आणावेत. म्युनिसिपल कोर्टातली दारू पिऊन गाडी चालवल्याची केसही धरतात. ‘तो तर नुसता दंड होता’ म्हणून ती लपवू नका.

शेवटची अट घरच्यांना सगळ्यात जड जाते. मी ज्याच्याबद्दल सांगते तो मुलगा तेवीस वर्षांचा होता. मित्राची गाडी दोनदा चालवली, खेपेला आठशे डॉलर. दोन्ही खेपांचा मिळून पाच किलोवर कोकेन. सरकारी वकील आणि एजंटपुढे बसायचं म्हणजे ‘प्रोफर’. त्याच्या आधी आमच्या वकिलांनी त्याची तीनदा तयारी करून घेतली. पहिल्या बैठकीत तो म्हणाला, ‘बॉक्समध्ये काय होतं मला माहीत नव्हतं.’ वकील म्हणाले, ‘हेच तिथे सांगितलंस तर दार बंद.’ तिसऱ्या बैठकीत त्याने मान खाली घालून सांगितलं की पहिल्या खेपेनंतर त्याला कळलं होतं, आणि दुसरी त्याने कॉलेजची फी भरायला केली. अर्धं सत्य सांगणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. दिलेली माहिती सरकारच्या उपयोगाची नसली तरी चालतं, पूर्ण आणि खरी हवी. या कलमाखाली सांगितलेली गोष्ट, हिंसक गुन्ह्याबद्दलची नसेल तर, त्याची शिक्षा वाढवायला वापरता येत नाही. प्रोफरचं पत्र मात्र वकिलाने आधी नीट वाचून घ्यायचं.

फरक किती पडतो ते बघा. फेडरल कोर्टात शिक्षा किती महिन्यांची असावी हे सुचवणारा एक मार्गदर्शक तक्ता असतो; पाच किलो कोकेनला त्यात ३० पातळी. कबुलीचे तीन कमी, मागे एकही गुण नसल्याचे दोन कमी, राहिले २५. तक्ता म्हणतो ५७ ते ७१ महिने. पण किमान शिक्षा १२० महिने, म्हणून १२०च. सेफ्टी व्हॉल्व्ह मिळाला की तो १२० चा तळ जातो आणि वर आणखी दोन पातळ्या कमी होतात. २३ म्हणजे ४६ ते ५७ महिने. त्यात गुन्ह्यातली भूमिका किरकोळ असल्याच्या दोन पातळ्या मिळाल्या तर ३७ ते ४६. तक्ता दर नोव्हेंबरमध्ये बदलू शकतो, त्यामुळे चालू वर्षाचंच पुस्तक बघायला सांगा. २००५ च्या ‘बुकर’ निकालापासून तक्ता न्यायाधीशांना बंधनकारकही नाही. तळ गेला की खऱ्या अर्थाने त्यांचा विवेक सुरू होतो: ‘पुरेशी, पण गरजेपेक्षा जास्त नाही’ एवढीच शिक्षा द्यायची, असं कायदाच म्हणतो.

दारं दोन्ही बंद असतील तर काय होतं, तेही सांगायला हवं. २००४ मध्ये युटामध्ये न्यायाधीश पॉल कॅसेल यांच्यापुढे वेल्डन अँजेलॉस नावाचा चोवीस वर्षांचा तरुण होता. थोडा थोडा गांजा तीनदा विकला, आणि बंदूक बाळगल्याची कलमं एकावर एक रचली गेली. पंचावन्न वर्षं. कॅसेल यांनी ही शिक्षा अन्यायकारक आणि क्रूर असल्याचं निकालपत्रातच लिहिलं, राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करावी अशी शिफारस केली, आणि तरीही ती सुनावली. २०१६ मध्ये तो सुटला. म्हणून घरच्यांना मी कधीच म्हणत नाही की ‘जजला दया येईल’. दया आली तरी तिला वाट लागते.

अहवाल आणि पत्र

कबुलीनंतर प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे कोर्टाचा अधिकारी, मुलाची मुलाखत घेतो, घरच्यांशी बोलतो आणि शिक्षापूर्व अहवाल लिहितो. तो सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी हातात येतो, आणि हरकती चौदा दिवसांत द्यायच्या असतात. प्रत्येक ओळ वाचा. वजन, गुण, भूमिका, शिक्षण, आजार. हाच अहवाल पुढे तुरुंगातही त्याच्यामागे जातो.

इथे आपल्या घरांमध्ये एक गोष्ट हमखास होते. ऑफिसर विचारतो, ‘तो नशा करायचा का?’ आणि आई म्हणते, ‘छे, आमच्या घरात असलं काही नाही.’ लाजेपोटी. त्या एका वाक्याने नुकसान होतं. व्यसनाची नोंद असेल तर तुरुंगात ‘आरडॅप’ हा पाचशे तासांचा उपचार मिळू शकतो, आणि अहिंसक गुन्ह्यात तो पुरा केल्यावर वर्षभरापर्यंत सुटका अलीकडे येऊ शकते. फेडरलमध्ये पॅरोल नाही. चांगल्या वागणुकीचे वर्षाला ५४ दिवस मिळतात. तिथे एक वर्ष म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. खरं व्यसन असेल तर खरं सांगा. नसेल तर बनवून सांगू नका.

पत्र न्यायाधीशांच्या नावाने लिहायचं, पण थेट पाठवायचं नाही. वकिलाकडे द्यायचं. त्या तेवीस वर्षांच्या मुलाच्या आईने पहिलं पत्र मराठीत लिहून आणलं होतं, फुलस्केपची चार पानं. ‘माझा मुलगा निर्दोष आहे, वाईट संगतीने फसवला, त्याला सोडा.’ त्याने गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे ते पत्र त्याच्याच विरुद्ध गेलं असतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. भिंतीवर कालनिर्णय होतं. प्रत्येक सोमवार, बुधवार, शुक्रवारभोवती लाल गोल. मी विचारलं, हे काय? ‘ह्यांचं डायलिसिस. तोच न्यायचा पहाटे साडेपाचला, मग कामावर. गोल त्यानेच काढलेत, वर्षाच्या सुरुवातीलाच सगळे.’ मी म्हटलं, काकू, हे लिहा. अटकेच्या महिन्यानंतर गोल तसेच होते, पण न्यायला कोणी नव्हतं. त्या स्वतः बसने नेत होत्या, तेही लिहिलं. गुन्ह्याचं एकच वाक्य ठेवलं: ‘त्याने जे केलं ते चूक आहे हे त्याला आणि आम्हालाही कळतं.’ एक पान. मूळ मराठी पत्र, इंग्रजी भाषांतर आणि कॅलेंडरच्या पानाचा फोटो, तिन्ही जोडलं.

पत्र मागताना हेच सगळ्यांना सांगा. मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं ‘कुटुंब सुसंस्कृत आहे’ असं पत्र फारसं उपयोगी पडत नाही. ज्याने त्याला रोज पाहिलंय त्याचं, एका घटनेचं पत्र मिळवा. आठ-दहा पुरेत. साठ पत्रांचा गठ्ठा नको.

सुनावणीच्या दिवशी

लवकर पोचा, फोन बंद ठेवा, घरचे पाच-सहा जण बाकावर बसा. मुलाला शेवटी स्वतः बोलायचा हक्क असतो. ते त्याचं त्यालाच लिहू द्या. तो तेवीस वर्षांचा मुलगा तीन मिनिटं बोलला, वडिलांकडे बघून थांबला, परत बोलला. न्यायाधीशांनी आईच्या पत्राचा उल्लेख केला आणि विचारलं, सध्या डायलिसिसला कोण नेतं? शिक्षा ४० महिने. सेफ्टी व्हॉल्व्ह नसता तर हे सगळं ऐकूनही त्यांना १२०च लिहावे लागले असते.

शिक्षा सुनावल्यावर रडण्याच्या आधी वकिलाच्या कानात दोन गोष्टी सांगा, कारण न्यायाधीश उठून गेले की त्या राहून जातात. आरडॅपची शिफारस आणि घराजवळच्या तुरुंगाची शिफारस निकालात घालायला सांगा. ब्यूरो ऑफ प्रिझन्सवर, म्हणजे फेडरल तुरुंग खात्यावर, ती बंधनकारक नसते, पण कायदा त्यांना शक्यतो घरापासून ५०० मैलांच्या आत ठेवायला सांगतो, आणि कागदावर शिफारस असली की विचारायला जागा राहते. मग निकालाची तारीख लिहून ठेवा. अपिलाची नोटीस निकाल नोंदल्यापासून चौदा दिवसांत द्यावी लागते. प्लीमध्ये अपिलाचा हक्क सोडलाय का, हे त्याच संध्याकाळी वकिलाला विचारा.